चोरखमाऱ्याची पानगळ बघायला जायचंय? आधी तारीख ठरवा. पण कशावरून?



तुमच्या विभागातल्या दहा-बाराजणांनी मिळून ठरवलंय की पानगळ बघायला जायचं. ठिकाणही पक्कं झालंय: गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यातलं चोरखमारा. नागझिऱ्याच्या जंगलात शिरायचं एक प्रवेशद्वार तिथे आहे आणि गावाला लागून मोठा तलाव आहे. आता कुणीतरी इंटरनेटवर 'ऑटम' शोधतं, सप्टेंबर ते नोव्हेंबर असं उत्तर मिळतं आणि दिवाळीच्या सुट्टीतली तारीख धरून रेल्वेची तिकिटं काढली जातात.

दिवाळीत चोरखमाऱ्याला काय दिसेल? हिरवंगार जंगल, भरलेला तलाव आणि शेतात कापणीला आलेलं धान. पानगळ सोडून सगळं.

चूक शब्दाच्या भाषांतरात आहे. शब्दकोशात 'ऑटम'समोर 'शरद' लिहिलेलं असतं. पण आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, पाऊस नुकताच संपलेला काळ. आपल्याकडे पानं गळतात ती शिशिरात, माघ-फाल्गुनात, आणि विदर्भाच्या जंगलात हा प्रकार पुढे चैत्रापर्यंत चालतो. दुसऱ्या हवामानातली संकल्पना उचलली की तिच्यासोबत तिथलं कॅलेंडरही नकळत येतं.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी ही सहल चांगला सराव आहे. साहित्याचा आढावा, प्रश्न, व्याख्या, नमुना, निरीक्षकांमधला फरक, परवानगी हे सगळं यात येतं, तेही दोन-तीन दिवसांच्या आवाक्यात. म्हणून आज पीएचडीच्या सिनॉप्सिसबद्दल न बोलता या सहलीचंच नियोजन करू. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: सहलीची तारीख हे तुमचं गृहीतक असतं. 'अमुक दिवशी अमुक झाडं अमुक अवस्थेत असतील' असं तुम्ही त्यातून म्हणत असता. त्यामागे कारण हवं.

इथे पानं का गळतात?

थंड प्रदेशात हिवाळ्याआधी दिवस लहान होतो, तापमान उतरतं आणि झाड पानातलं हरितद्रव्य मोडून घ्यायला लागतं. हिरवा रंग गेल्यावर पानात आधीपासून असलेले पिवळे कॅरोटिनॉइड दिसू लागतात. लाल रंग देणारी अँथोसायनिन मात्र बहुतेक वेळा त्याच काळात नव्याने तयार होतात. फोटोंमधले लाल-केशरी डोंगर ते हेच.

नागझिऱ्याचं जंगल उष्ण कटिबंधातलं शुष्क पानझडी जंगल आहे. इथे थंडीपेक्षा पाण्याचा हिशेब मोठा. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. त्यानंतर जमिनीतली ओल उतरत जाते. पानांतून पाणी उडतच राहतं, मुळांना मात्र तेवढं मिळत नाही. मग झाड पानातला नायट्रोजन, फॉस्फरस यांचा बराच भाग परत ओढून घेतं, देठाच्या तळाशी सुटे होणाऱ्या पेशींचा थर तयार होतो आणि पान गळतं.

पण सगळी झाडं एकाच दिवशी ठरवून पानं टाकत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर जवळपास निष्पर्ण असतात आणि त्याच उघड्या फांद्यांवर फुलतात. सागाची मोठाली पानं वाळून खाली पडलेली असतात, चालताना पापड मोडल्यासारखा आवाज येतो. साळई बराच काळ उघडीच असते. मोहाची पानं गळतात, मार्च-एप्रिलमध्ये फुलं टपकतात आणि मागून तांबूस पालवी येते. ओढ्याकाठचं जांभूळ मात्र हिरवंच.

आणि कुसुम! मार्च-एप्रिलमध्ये कुसुमाचं झाड लांबून पेटल्यासारखं लाल दिसतं. बघणाऱ्याला वाटतं, हीच आपली पानगळीची लाली. प्रत्यक्षात ती कोवळी पालवी असते. कोवळ्या पानात हरितद्रव्य कमी आणि अँथोसायनिन जास्त, म्हणून तो रंग. म्हणजे जपान किंवा युरोपातलं लाल पान बहुधा म्हातारं असतं आणि आपल्या कुसुमाचं लाल पान नवजात. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर फारसा फरक कळणार नाही, पण घटना एकमेकींच्या उलट आहेत. रंगावरून प्रक्रिया ठरवायची नाही, हा धडा इथेच शिकून घ्या.

थोडं वाचून घ्या, म्हणजे प्रश्न सापडेल

शुष्क जंगलांबद्दल अभ्यासकांना एक गोष्ट बराच काळ कोड्यात टाकत आली आहे. पाणी नाही म्हणून झाड पानं टाकतं हे समजलं. मग ऐन उन्हाळ्यात, पावसाला महिना-दोन महिने बाकी असताना, पालवी का फुटते? २००६ मध्ये एलियट, बेकर आणि बोर्शर्ट यांनी थायलंडमधल्या झाडांवर आधारित शोधनिबंध लिहिला, त्यात त्यांनी याला आशियाई मोसमी जंगलांचा विरोधाभासच म्हटलंय. मार्चमधल्या विषुवदिनानंतर दिवस मोठा होत जातो, तो पालवीचा इशारा ठरत असावा, अशी त्यांची मांडणी आहे. म्हणजे पानं गळण्यामागे मुख्यतः पाणी आणि नवी येण्यामागे दिवसाची लांबी, असं दोन वेगळ्या कारणांचं गणित असू शकतं.

आपल्या देशातलं उदाहरण मुदुमलाईचं. मुरली आणि सुकुमार यांचा १९९३ चा शोधनिबंध जरूर वाचा. तिथल्या पानझडी जंगलात पालवी कोरड्या काळात फुटते आणि पाऊस येण्याआधीच तिचा जोर दिसतो. पाऊस आला की पानं खाणारे कीटक वाढतात. ज्या झाडांना पालवी उशिरा फुटली, त्यांच्या पानांचं नुकसान जास्त झालेलं त्यांना आढळलं. कीटक येण्याआधी पानं जून करून घ्यायची, असा हा फायदा असावा.

तिसरं नाव पुन्हा बोर्शर्ट यांचंच. १९९४ मध्ये त्यांनी कोस्टारिकातल्या शुष्क जंगलावर लिहिलं की झाडाची पानगळ-पालवी समजायची तर फक्त पावसाचे आकडे पुरत नाहीत. त्या जागेच्या मातीत किती पाणी टिकतं आणि त्या झाडाच्या खोडात किती साठतं, हे बघावं लागतं. एकाच जंगलात कोरड्या उतारावरची आणि ओल्या सखल भागातली झाडं वेगळी वागतात.

आता चोरखमाऱ्याचा नकाशा समोर ठेवा. एका बाजूला तलाव, जवळच टेकाडं. प्रश्न आपोआप समोर येतो: तलावाजवळचं ऐनाचं झाड आणि टेकाडावरचं ऐनाचं झाड एकाच सुमारास पानं गाळतात का?

हा प्रश्न छोटा आहे, पण त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं येऊ शकतं आणि उत्तर काहीही आलं तरी काहीतरी कळतं. 'चोरखमाऱ्याच्या जंगलातील पानगळीचा अभ्यास' हे शीर्षक भारदस्त वाटतं, पण त्यात प्रश्नच नाही.

प्रश्नातले तीन खड्डे

पहिला खड्डा जातींचा. तलावाकाठी आणि ओढ्याकाठी अर्जुन, जांभूळ, करंज अशी झाडं जास्त सापडतील; टेकाडावर साळई, धावडा, ऐन. नुसतं 'काठावर हिरवं, वर उघडं' असं नोंदवलं तर तुम्ही पाण्याचा परिणाम मोजला की जातींचा फरक, हे सांगता येणार नाही. म्हणून दोन्हीकडे सापडणारी एकच जात घ्या. ऐन सोयीचा, कारण त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली असते आणि पानं नसली तरी ओळखता येतो. पानगळीच्या अभ्यासात पानावरून झाड ओळखायची सवय कामाची नाही. साल, फांद्यांची ठेवण, वाळलेली फळं बघायला शिका. ऐनाची पंखवाली फळं खाली पडलेली सापडतात.

दुसरा खड्डा पाण्यापासूनच्या अंतराचा. चोरखमारा तलाव हा मध्यम सिंचन प्रकल्प आहे. पाणी शेतीला सुटतं, बाष्पीभवन होतं आणि उन्हाळ्याकडे काठ आत सरकत जातो. फेब्रुवारीत पाण्यापासून पन्नास मीटरवर असलेलं झाड एप्रिलमध्ये शंभर मीटरवर गेलेलं असू शकतं, न हलता. म्हणून अंतर मोजायचं ते तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं त्या रेषेपासून. ही रेषा काठावरच्या खुणांवरून आणि पावसाळ्यानंतरच्या उपग्रहचित्रावरून काढता येते.

तिसरा खड्डा वयाचा. कोवळी झाडं आणि तोडलेल्या बुंध्यातून फुटलेले धुमारे बऱ्याचदा मोठ्या झाडांपेक्षा वेगळं वेळापत्रक पाळतात. म्हणून प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा, म्हणजे जमिनीपासून सुमारे १.३ मीटरवरचा घेर टेपने मोजा आणि दोन्ही जागी साधारण सारख्या घेराची झाडं निवडा.

एक अजून. तलावाच्या एकाच काठावरची वीस झाडं म्हणजे वीस स्वतंत्र पुरावे नव्हेत. त्यांची माती एक, उतार एक, ओल एक. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये अशा नमुन्यांना छद्म-पुनरावृत्ती म्हटलं आणि तेव्हापासून परीक्षक हा प्रश्न विचारत आलेत. काठाच्या तीन-चार वेगळ्या जागा आणि तीन-चार वेगळी टेकाडं घ्या, प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी झाडं.

'पानं गळाली' म्हणजे किती?

इथे जपानकडून शिकण्यासारखं आहे. तिथे लोक शरदातली लाल पानं बघायला गटागटाने जातात, आणि त्यांच्या हवामान संस्थेने १९५३ पासून देशभर एकाच पद्धतीने ऋतूंच्या नोंदी ठेवल्या आहेत. प्रत्येक केंद्राचं नमुन्याचं झाड ठरलेलं असतं. 'पानं गळाली' असं केव्हा म्हणायचं? सुमारे ८० टक्के पानं गळालेली दिसतील तो दिवस. २०२१ मध्ये निरीक्षणाच्या झाडांची यादी बरीच छोटी केली, तरी मेपल आणि गिंको त्यात राहिले.

८० हा आकडा पवित्र नाही, ७० ही चालला असता. महत्त्वाचं हे की सगळ्यांनी एकच आकडा धरला, म्हणून वेगवेगळ्या शहरांची आणि वर्षांची तुलना करता येते.

भारतात 'सीझनवॉच' हा नागरिक-विज्ञान प्रकल्प २०१० पासून चालू आहे. तिथे एकच झाड दर आठवड्याला बघायचं आणि कोवळी पानं, जून पानं, वाळती पानं, फुलं, फळं यांची नोंद 'नाही, थोडी, खूप' अशा साध्या श्रेणीत करायची असते. शाळकरी मुलंही हे करतात. आपल्या सहलीसाठी अशीच सोपी श्रेणी ठरवू:

० : छतातली पानं गळालेली दिसत नाहीत.
१ : एक तृतीयांशापर्यंत गळाली.
२ : एक तृतीयांश ते दोन तृतीयांश.
३ : दोन तृतीयांशाहून अधिक.
पालवीसाठी वेगळा रकाना: आहे किंवा नाही.

पालवीचा रकाना विसरू नका. नाहीतर जुनी सगळी पानं टाकून नवी धरलेलं झाड आणि पानं अजून टाकलीच नाहीत असं झाड, दोन्ही '०' मध्ये जाऊन बसतील.

आता तारीख

तीन ठिकाणी विचारा.

पहिलं, गावात. मोहफुलं वेचणाऱ्या कुटुंबांना आपापल्या झाडांची वेळ नेमकी माहीत असते, कारण त्यावर त्यांची महिन्याभराची कमाई असते. पुढे मे महिन्यात तेंदूपानांचं काम येतं, तेव्हा नव्या पानाची प्रत बघणारी नजरही त्यांचीच. 'पानं कधी गळतात?' असं विचारलं तर 'उन्हाळ्यात' असं उत्तर येईल. त्याऐवजी विचारा, 'होळीला या ऐनावर पानं असतात का?' सणाशी जोडलेल्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं. फक्त लक्षात ठेवा, होळीची तारीख दरवर्षी मागेपुढे होते, तेव्हा नोंद करताना ती इंग्रजी तारखेत बदलून घ्या. झाडाचं स्थानिक नावही ऐकलं तसं लिहा. झाडीबोलीतलं, गोंडीतलं आणि पुस्तकातलं नाव वेगळं असू शकतं. सालीचा फोटो सोबत असला की शास्त्रीय नाव मागाहून पडताळता येतं.

दुसरं, उपग्रह. सेंटिनेल-२ ची चित्रं मोफत मिळतात. त्याचे पहिले दोन उपग्रह २०१५ आणि २०१७ मध्ये सोडले. दहा मीटरचा चौकोन ओळखू येतो आणि एकाच जागेचं चित्र साधारण पाच दिवसांनी मिळतं. फेब्रुवारी ते एप्रिल आकाश बहुधा निरभ्र असतं, त्यामुळे ढगांचा त्रास कमी. मागच्या चार-पाच वर्षांचा हिरवेपणाचा आलेख काढा, तो कोणत्या आठवड्यांत सर्वांत वेगाने उतरतो ते पहा. हा आलेख कुठल्या एका झाडाचा नसतो; त्या चौकोनात गवत, बांबू, झुडपं सगळं येतं. तारखेचा अंदाज बांधायला तो पुरतो, निष्कर्ष काढायला नाही.

तिसरं, त्या वर्षीचा पाऊस. परतीचा पाऊस लांबला असेल किंवा जानेवारीत अवकाळी झाला असेल, तर ओल जास्त काळ टिकेल. मग तुमचा अंदाज थोडा पुढे सरकवा आणि का सरकवला ते लिहून ठेवा.

बाराजणांची एक सहल की चौघांच्या तीन?

इथे मैत्री आणि संशोधन यांची थोडी ओढाताण होते. सगळ्यांनी एकत्र जायची मजा वेगळी, हे मान्य. पण एका भेटीत तुम्हाला पानगळीची अवस्था दिसते, वेग दिसत नाही. काठावरचं झाड श्रेणी १ मध्ये आणि टेकाडावरचं ३ मध्ये दिसलं, तर टेकाडावरचं आधी सुरू झालं, की दोन्ही एकदम सुरू होऊन टेकाडावर वेग जास्त होता? एका तारखेच्या नोंदीवरून हे सांगता येत नाही.

बाराजण एकदा गेले काय आणि चौघे तीनदा गेले काय, माणशी प्रवास बाराच होतात. खर्च साधारण तेवढाच. माझं मत विचाराल तर फेब्रुवारीचा मध्य, मार्चचा पहिला आठवडा आणि मार्चअखेर अशा तीन फेऱ्या करा, प्रत्येकी चौघांच्या. मात्र प्रत्येक नव्या चमूत आधीच्या फेरीतला एकजण असलाच पाहिजे, नाहीतर झाडं सापडणार नाहीत आणि श्रेणी देण्याची पद्धतही बदलेल. सगळ्यांनी एकत्रच जायचं असेल तर तेही करा, पण मग प्रश्न बदला: 'अमुक तारखेला काठ आणि टेकाड यांच्या अवस्थेत फरक आहे का?' एका भेटीत एवढ्याच प्रश्नाचं उत्तर मिळतं, आणि अहवालातही तेवढंच लिहायचं.

तेच झाड पुन्हा सापडण्यासाठी खिळे ठोकणं, रंग फासणं नको. मोबाईलचं जीपीएस झाडीत पाच-दहा मीटरनेही चुकतं, म्हणून त्यासोबत बुंध्याचा फोटो, ठरलेल्या दिशेने घेतलेला छताचा फोटो आणि शेजारच्या खुणेचं एक वाक्य ठेवा.

दोघांचं मत जुळतं का?

गटाचा खरा उपयोग इथे आहे. जोड्या करा. एकाच झाडाकडे बघून दोघांनी एकमेकांशी न बोलता श्रेणी लिहायची, वही झाकून. मग तपासायचं.

समजा प्रश्न सोपा केला: 'निम्म्याहून अधिक पानं गळाली का?' वीस झाडांपैकी ९ ना दोघांनी 'हो' म्हटलं, ६ ना दोघांनी 'नाही'. तीन झाडांना फक्त पहिल्याने 'हो' म्हटलं, दोनना फक्त दुसऱ्याने. जुळणी १५, म्हणजे ७५ टक्के. छान वाटतं.

पण काही जुळणी योगायोगानेही होते. पहिल्याचे 'हो' १२, दुसऱ्याचे ११. दोघांनी डोळे मिटून या प्रमाणात उत्तरं दिली असती तर दोघांचं 'हो' पडण्याची शक्यता ०.६० × ०.५५ = ०.३३ आणि दोघांचं 'नाही' पडण्याची ०.४० × ०.४५ = ०.१८. एकूण ०.५१. म्हणजे निम्मी जुळणी फुकटातच मिळाली असती. उरलेल्या ०.४९ पैकी तुम्ही ०.७५ − ०.५१ = ०.२४ मिळवलं. ०.२४ भागिले ०.४९, उत्तर साधारण ०.४९. हा कोहेन यांचा कप्पा, १९६० पासून वापरात आहे. ७५ टक्क्यांचा दिमाख ०.४९ वर आला. याचा अर्थ व्याख्या अजून ढिली आहे. दोघांनी मतभेद झालेली पाच झाडं परत बघावीत आणि 'गळालेलं' व 'वाळून फांदीवर लटकलेलं' पान यात फरक कसा करायचा ते ठरवावं. सागाच्या बाबतीत हा वाद हमखास होतो.

हा सराव चोरखमाऱ्याला पोचल्यावर सुरू करू नका. कॉलेजच्या आवारातल्या झाडांवर आधीच उरकून घ्या.

परवानगी: पर्यटक म्हणून जाताय की अभ्यासक म्हणून?

नवेगाव-नागझिरा हा २०१३ मध्ये घोषित झालेला व्याघ्रप्रकल्प आहे, गोंदिया आणि भंडारा अशा दोन जिल्ह्यांत पसरलेला. नागझिरा अभयारण्य त्याआधीचं, १९७० चं. पर्यटक म्हणून गाभ्यात जाता ते सफारीच्या गाडीतून, वाटाड्यासोबत, ठरलेल्या रस्त्यांवरून. खाली उतरून झाडाला टेप लावता येत नाही. शिवाय रस्त्याकडेच्या झाडांना ऊन जास्त मिळतं, त्यामुळे गाडीतून दिसणारी झाडं जंगलाचा प्रातिनिधिक नमुना नसतात.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ मध्ये अभयारण्यात जाण्याच्या परवान्याची कारणं दिलेली आहेत, त्यात पर्यटन आणि वैज्ञानिक संशोधन ही वेगवेगळी कारणं आहेत. एकाच्या पावतीवर दुसरं काम करता येत नाही. कलम २९ प्रमाणे अभयारण्यातून काहीही काढून नेणं हा वेगळा प्रश्न आहे. खाली पडलेलं वाळकं पानसुद्धा वहीत घालून आणू नका, फोटो काढा.

पहिल्या प्रयत्नाला सोपा मार्ग असा: गाभ्याबाहेर, गाव आणि तलावाच्या परिसरात जिथे पायी फिरायला मुभा आहे तिथेच नमुना घ्या. कुठवर चालतं हे वनविभागाला विभागप्रमुखांच्या सहीच्या पत्राने आधी विचारा आणि उत्तराची प्रत सोबत बाळगा. गाभ्यातलीच झाडं हवी असतील तर अर्ज कित्येक महिने आधी करायला लागतो, तो तुमच्या वेळापत्रकात धरा.

गावातला कुणी सोबत आला, झाडं दाखवली, नावं सांगितली, तर त्या दिवसाचं मानधन बजेटमध्ये आधीच लिहा. दोन फेऱ्यांच्या मधल्या आठवड्यांत गावातल्याच एखाद्या विद्यार्थ्याने नोंदी घेतल्या, तर तुमच्या तीन तारखांच्या आठ-दहा होतील. त्याचं नाव त्याच्या संमतीने अहवालात निरीक्षक म्हणून द्या, आभारात शेवटच्या ओळीत नको.

पाचोळा म्हणजे इंधन

हा भाग कृपा करून गटातल्या प्रत्येकाने वाचावा.

तुम्ही जी तारीख निवडली ती पानगळीची, आणि म्हणूनच ती वणव्याच्याही हंगामातली आहे. जमिनीवर घोटाभर वाळका पाचोळा, वर ऊन, दुपारी वारा. वनविभाग जाळरेषा काढतो, म्हणजे रस्त्याकडेच्या पट्ट्यातला पाचोळा आधीच जाळून किंवा झाडून मोकळा करतो, आणि आग विझवायला हंगामी मजूर ठेवतो. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याच्या भागात आग विझवताना अशा तीन मजुरांचा जीव गेला.

तेव्हा नियम साधे: काडेपेटी, लायटर, विडी-सिगारेट गटात कुणाकडेच नको. जंगलात चूल नको, डबा घेऊन जा. वाळलेल्या गवतावर गरम सायलेन्सरची गाडी उभी करू नका. धूर दिसला तर व्हिडिओ काढत थांबू नका, वनविभागाला कळवा आणि बाहेर पडा. आगीमुळे फेरी रद्द झाली तर ती रद्दच समजा. 'डेटा अपुरा' हे अहवालात लिहिता येतं.

आणि पहाटे मोहाखाली जाताना सांभाळून. तिथे फुलं वेचणारी माणसं असतात, आणि अस्वलालाही मोहफुलं आवडतात. अंधारात जायचंच नाही. माणसांचे फोटो विचारून काढा, त्यांच्या झाडाखाली गर्दी करून फुलं तुडवू नका.

निघण्याआधी एक कागद

तिकिटं काढण्याआधी एका कागदावर पाच ओळी लिहा: प्रश्न काय, जात कोणती, 'गळालं' म्हणजे किती, तारीख कोणती आणि ती का. खाली सगळ्यांच्या सह्या घ्या आणि फोटो काढून गटात टाका.

मग चोरखमाऱ्याला पोचल्यावर टेकाडावरचे ऐन अजून पानांनी भरलेले दिसले, तरी तुमची फेरी वाया गेली नाही. तुमच्याकडे लिहिलेला अंदाज आहे, त्याचं कारण आहे आणि समोर वेगळं वास्तव आहे. त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत होता का, टेकाडावरची माती वाटली त्यापेक्षा खोल आहे का, याचा शोध पुढच्या फेरीआधी घ्या. कागद लिहिला नसेल, तर मात्र बाराजण परतीच्या गाडीत एवढंच म्हणतील की 'यंदा पानगळ उशिरा आहे वाटतं.' उशिरा, पण कशाच्या तुलनेत, हे सांगायला त्यांच्याकडे काही नसेल.